फिरून आलात, आता उठून दाखवा

उन्हाळ्यातल्या नागपुरात दिवस साडेपाचलाच सुरू होतो. फुटाळ्याचा काठ, अंबाझरीचा परिसर, सेमिनरी हिल्सचा चढ, महाराजबाग, रेशीमबागेचे मैदान, गांधीसागरची कडा. ऊन वर येण्याआधी सगळीकडे साठीपुढची मंडळी चालायला निघालेली असतात. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुपट्टा, आणि हातात काठी असलीच तर ती बहुधा कुत्र्यांसाठी. अलीकडे मनगटावर एक घड्याळही आले आहे. पुण्यातल्या मुलाने किंवा अमेरिकेतल्या लेकीने पाठवलेले हे घड्याळ पावले मोजते, आणि दहा हजारांचा आकडा भरला नाही तर काही काकांना परतल्यावर चहा गोड लागत नाही.

त्यांनी चहा खुशाल प्यावा. दहा हजारांचा हा आकडा कुठल्या दवाखान्यातून किंवा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पाऊलमापक यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मीटर. यंत्र मागे पडले, आकडा जगभर पसरला. तो तपासून पाहणारा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांच्या पावलांची नोंद घेतली आणि पुढची काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. दिवसाला साधारण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघाले. पावले वाढत गेली तसा फायदाही वाढला, पण ७,५०० च्या आसपास तो थांबला. म्हणजे सकाळी पाऊण तास चालून नंतर घरात चार कामे करणाऱ्या माणसाचा कोटा दुपारच्या जेवणाआधीच पुरा होतो.

चालण्याच्या बाबतीत नागपूरकर ज्येष्ठांना शिकवण्यासारखे फारसे नाही. खरी गडबड सुरू होते ती घरी परतल्यावर.

सात वाजता माणूस घरी येतो आणि खुर्चीत बसतो. पेपर तिथेच, चहा तिथेच. आंघोळ झाली की जेवण टेबलावर, मग दिवाण, मग टीव्हीसमोरचा सोफा. संध्याकाळी पुन्हा एक फेरी मारून परत सोफा. या साऱ्या दिवसात तो जमिनीवर एकदाही टेकत नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी महालातल्या किंवा इतवारीतल्या घरात जेवण पाटावर, भाजी निवडणे खाली बसून, पूजा खाली बसून, संडासही उकिडवे बसण्याचाच. व्यायाम हा शब्द उच्चारायची गरज नव्हती, कारण घरच दिवसातून वीस-पंचवीस उठाबशा काढून घेत असे. टेबल आले, कमोड आला, ओट्यापाशी उभ्याने स्वयंपाक आला. गुडघ्यांना आराम मिळाला हे खरे, पण मांड्यांचे काम गेले. जुन्या घरांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच घरांतल्या बायकांची कंबर पाणी भरता भरता मोडत असे. तरी ती उठबस गेल्यावर तिच्या जागी दुसरे काहीच आले नाही, एवढे मान्य करावे लागते.

स्नायूंचा हिशेब निर्दय असतो. तिशीनंतर दर दशकात शरीर तीन ते आठ टक्के स्नायू गमावते, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर ते दिसत नाही, कारण स्नायूच्या जागी चरबी येऊन बसते. दिसते ते वेगळ्याच ठिकाणी. ऑटोतून उतरताना दांडी धरावी लागते. सोफ्यातून उठताना आधी दोनदा पुढे झुलावे लागते. लग्नाच्या पंगतीत ‘आम्हाला टेबलावरच द्या’ म्हणावे लागते. शेजारी विचारतात, ‘काय म्हणते गुडघा?’ आणि सगळा दोष बिचाऱ्या गुडघ्यावर जातो. प्रत्यक्षात अनेकदा गुडघ्याच्या वरची मांडी दुबळी झालेली असते आणि तिचा भार सांध्याला सोसावा लागतो.

दिलासा असा की स्नायू कोणत्याही वयात माणसाचे ऐकतो. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फिआतारोने यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करायला लावले. सर्वात लहान होता ८६ वर्षांचा, मोठा ९६ चा. प्रयोग पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तोवर या वयात वजन उचलायचे नाही, जपून राहायचे, असाच वैद्यकीय सल्ला होता. आज जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सांगते, आणि त्यापुढे दोन गोष्टी जोडते: आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम आणि तीनदा तोल सांभाळण्याचे. बागेतल्या मंडळींनी पहिले वाक्य पाठ केले आहे. उरलेली दोन त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नाहीत.

ताकदीसाठी जिमची वर्गणी भरायची गरज नाही. घरातली एक लाकडी खुर्ची घ्यावी, बिनचाकाची आणि बिनहाताची. प्लॅस्टिकची नको, ती फरशीवर सरकते. पाठ भिंतीला टेकेल अशी ठेवावी. पुढच्या अर्ध्या भागात बसावे, पावले खांद्यांइतकी फाकवून जमिनीवर सपाट ठेवावीत, हातांची छातीशी घडी घालावी आणि उठावे. हाताचा आधार लागला तर सुरुवातीला घ्यावा. उठून सरळ झाले की परत बसावे, पण धप्पकन नाही. मनात एक-दोन-तीन मोजत, बूड खुर्चीला हलकेच लागेल असे. खरे काम या बसण्यातच आहे. मांड्या थरथरू लागल्या तर समजावे की बरोबर चालले आहे. तीस सेकंदांत अशा किती उठाबशा होतात ते मोजता येते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या कसोटीप्रमाणे ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला बारा आणि स्त्रीला दहा जमत नसतील, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे धरतात. सकाळी दहा, संध्याकाळी दहा एवढ्यावर सुरुवात करायला हरकत नाही. गुडघा बदललेला असेल किंवा छातीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

तोलाचा व्यायाम याहून सोपा. ओट्याला एक हात लावून एका पायावर उभे राहायचे, दूध उतू जाते का यावर लक्ष ठेवत. ब्राझीलचे डॉ. क्लाउदिओ आराउजो आणि सहकाऱ्यांनी ५१ ते ७५ वर्षांच्या १,७०२ लोकांना आधाराशिवाय दहा सेकंद एका पायावर उभे राहायला सांगितले. पाचातल्या एकाला ते जमले नाही. पुढच्या साधारण सात वर्षांत, न जमलेल्यांपैकी १७.५ टक्के माणसे वारली, जमलेल्यांपैकी ४.६ टक्के. एका पायावर उभे राहता न येणे हे काही मृत्यूचे कारण नव्हे. न जमलेल्यांमध्ये वय, मधुमेह, लठ्ठपणा सगळेच जास्त होते. पण ही चाचणी घरच्या घरी, फुकट आणि दहा सेकंदांत होते, आणि रक्ताच्या अहवालात न दिसणारे काहीतरी सांगते. करताना जवळ कुणीतरी असावे, एवढेच.

नागपूरला या बाबतीत एक जुना वारसा आहे, त्याची कदर शहराबाहेर कमीच झाली. जनार्दनस्वामींनी १९५१ मध्ये इथे योगाभ्यासी मंडळ स्थापन केले. रामनगरातल्या मंडळाच्या वास्तूत आणि शहरभरच्या वर्गांत तेव्हापासून आसने शिकवली जातात, तीही मोफत. आंतरराष्ट्रीय योग दिन सुरू झाला २०१५ मध्ये. तोवर या शहरात हे काम साठहून अधिक वर्षे चालले होते, मोठमोठ्या फलकांशिवाय. आजीआजोबांच्या दृष्टीने अशा वर्गाचा मोठा उपयोग म्हणजे सतरंजी. सतरंजीवर बसायचे तर खाली जावे लागते आणि वर्ग संपला की उठावे लागते. पवनमुक्तासन नीट जमो न जमो, दिवसातून निदान एकदा माणूस जमिनीवर जाऊन परत येतो. नव्याने जाणाऱ्याने शेजारच्याशी स्पर्धा मात्र करू नये. बारा वर्षे येणाऱ्या काकूंचे डोके गुडघ्याला लागते म्हणून आपलेही पहिल्या आठवड्यात लावायला गेले की महिनाभर कंबर धरून बसावे लागते.

आता ताटाकडे. उतारवयात बरेच जण रात्रीचे जेवण आवरते घेतात. पोळी दुधात कुस्करून, किंवा मऊ खिचडी, किंवा चहा आणि टोस्ट. पोटाला हलके वाटते हे खरे. पण स्नायू राखायला प्रथिने लागतात, आणि वय वाढते तशी त्यांची गरज कमी होत नाही. वृद्धांच्या आहाराचे अनेक तज्ज्ञ वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने सुचवतात. साठ किलोच्या आजींना निदान साठ ग्रॅम. घट्ट वरणाच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम निघतात, पेलाभर दुधात तेवढेच, अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात. चहा-टोस्टात जवळपास काहीच नाही. वैदर्भी स्वयंपाकाला यासाठी कुठून काही आणावे लागत नाही: झुणका, पाटवड्या, तुरीच्या सोल्यांचा भात, फुटाणे, भाकरीबरोबर जवसाची चटणी. तर्री पोह्यांतले हरभरेसुद्धा चांगले, वरचा तवंग मात्र दुसऱ्या कुणाला द्यावा. सावजीबद्दल न बोललेलेच बरे. ज्यांना ते सोडायचे आहे त्यांनी सोडले आहे आणि बाकीचे कुणाचे ऐकणार नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत.

शाकाहारी माणसांसाठी आणखी एक गोष्ट. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि माणूस शाकाहारी असेल तर ते बहुधा मुळातच कमी असते. तळपायाला मुंग्या येतात, चालताना जमीन नीट जाणवत नाही, अंधारात तोल जातो. ‘वय झाले’ म्हणून हे सोडून दिले जाते. साधी रक्ततपासणी केली तर कारण कळते आणि त्यावर उपायही आहे.

रोज फिरणाऱ्या माणसांत एक प्रकारची बेफिकिरी असते. ‘मी रोज पाच किलोमीटर चालतो, मला काय होणार?’ त्यांच्यासाठी नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरचे उदाहरण आहे. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. सकाळ-संध्याकाळ चालणे हा त्यांच्या दिनक्रमाचा न चुकणारा भाग होता, वजन पन्नास किलोच्या आत, आहार अत्यंत मोजका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ मध्ये त्यांच्या आरोग्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत १९४० च्या फेब्रुवारीतला रक्तदाब आहे २२०/११०. इतका संयमी, इतका चालणारा माणूस, आणि दाब दोनशेच्या वर. रक्तदाब चालणाऱ्याला सोडत नाही, आणि डोके दुखून निरोपही पाठवत नाही. तो मोजावाच लागतो. आज औषधे आहेत, त्या काळी धड नव्हती, हा फरक आजच्या आजोबांच्या बाजूचा आहे.

दाब मोजायचा तो बसून तर खराच, पण पासष्टीनंतर उभ्यानेही. पलंगावरून उठल्यावर पहिल्या तीन मिनिटांत वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्यांनी हे वाढते. रात्री दोन वाजता लघवीला उठणारा माणूस झोपेत, अंधारात, घाईत असतो. तेव्हा आधी पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून मिनिटभर बसावे, घोटे हलवावेत, मग उठावे. पलंगापासून बाथरूमपर्यंत झिरो बल्ब लावून ठेवावा. दारातले पायपुसणे सरकणारे असेल तर काढून टाकावे, आणि कमोडशेजारी भिंतीत दांडी ठोकून घ्यावी. हजार-पाचशेचे काम आहे. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचे बिल ज्यांनी भरले आहे ते याला खर्च म्हणणार नाहीत.

आणि मग नागपूरचे ऊन. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस तोच ३.५ पर्यंत उतरला. एकाच शहरात चव्वेचाळीस अंशांचा हा झोका म्हाताऱ्या शरीराला सोसावा लागतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला, नागपूरने २०१६ मध्ये. पण आराखडा घरात येऊन पाणी पाजत नाही. उतारवयात तहानच उशिरा लागते आणि मूत्रपिंडे पाणी पूर्वीसारखे राखून ठेवत नाहीत. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर संध्याकाळपर्यंत माणूस सुकतो, आणि विचारले तर म्हणतो, ‘मला तहान नाही.’ म्हणून एप्रिल-मे-जूनमध्ये तहानेची वाट पाहू नये. सकाळी दोन तांबे भरून ठेवायचे आणि दिवस मावळायच्या आत रिकामे करायचे. ताक, पन्हे, आंबील सगळे चालते. मधुमेहींनी पन्ह्यातला गूळ आणि दाबवाल्यांनी ताकातले मीठ जपून घ्यावे. हृदयाच्या कमजोरीमुळे ज्यांना पाणी मोजून दिले आहे, त्यांनी डॉक्टरांचाच आकडा पाळावा.

वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नागपूरच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, मात्र समोरची खिडकी उघडी ठेवली तरच. बंद खोलीत तो नुसता दमटपणा साठवतो. खोलीतले तापमान चाळिशीच्या वर गेले की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. दुपारी बँकेत किंवा वीजबिलाच्या रांगेत जायचे असेल तर ते काम दहाच्या आत उरकावे. उन्हातून आलेले आजोबा असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, पाय लटपटले, तर ‘थोडे पडू द्या त्यांना’ म्हणू नये. सावलीत आणून अंग ओले करावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. थंडीत घड्याळ उलटे फिरते. डिसेंबर-जानेवारीत साडेपाचला बाहेर पडण्यात काही पुरुषार्थ नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब चढतो. ऊन अंगावर आल्यावर, आठ वाजता निघाले तरी पावले तितकीच पडतात.

फिरण्याच्या वेळा बदलल्या तरी टोळी मात्र बदलू नये. बागेतल्या बाकावरच्या पाच-सात जणांच्या गप्पा वरवर पाहता वेळेचा अपव्यय: राजकारण, संत्र्यांचा भाव, सुनेचा स्वयंपाक. पण तिथे एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी कुणीतरी घरी फोन करतो. मुले बंगळूरला किंवा टेक्सासला असलेल्या घरात हा फोन मोलाचा असतो. या टोळीतून माणूस हळूहळू बाहेर पडतो तो बहुतेक वेळा कानामुळे. ऐकू येत नाही, सारखे ‘काय?’ विचारायची लाज वाटते, मग हसून मान डोलवायची, मग एक दिवस जाणेच बंद. ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्यासारख्या चौदा कारणांत बहिरेपणाला जागा दिली आहे. चष्मा लावताना कुणाला कमीपणा वाटत नाही. कानाचे यंत्र मात्र कपाटात पडून राहते.

निवृत्तांच्या वर्षात एक महिना ठरलेला असतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे लेखी कळवण्याचा हा विनोदी विधी नागपुरात महालेखाकार कार्यालयापासून रेल्वेपर्यंतचे हजारो निवृत्त पार पाडतात. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ने बोटाचा ठसा देऊनही होतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडेही एक फेरी मारता येईल: डोळे, कान, बसून आणि उभ्याने दाब, साखर, ब-१२, आणि इन्फ्लुएन्झा-न्यूमोनियाच्या लशींची विचारणा. जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून न्यावीत. तीन डॉक्टरांनी दिलेल्या तीन चिठ्ठ्यांत एकच गोळी वेगवेगळ्या नावांनी असते, असे अनेकदा निघते. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही पिशवीत टाकाव्यात, कारण त्या मूत्रपिंडाला आणि दाबाला त्रास देतात. शेजारच्या काकूंनी दिलेली काढ्याची बाटली लपवू नये. तिच्यात काय आहे ते काकूंनाही ठाऊक नसते.